नऊ नंबरच्या खोलीचं तापमान

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसऱ्या तासानंतर प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मला वाटलं वेळापत्रकाची कटकट असेल, पण टेबलावर एक निळी पेटी ठेवलेली होती. विद्यापीठाकडून आलेली. आत चार यंत्रं. एक तापमान आणि आर्द्रता दाखवतं, एक उजेड मोजतं, एक आवाज. चौथं मी याआधी फक्त फोटोत पाहिलं होतं. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने हवा किती कोंदली ते कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यात सांगणारं.

ऑगस्टमध्ये मूल्यांकन समिती येणार. वर्गात विद्यार्थ्यांना बसायला वातावरण कसं आहे, याचा अहवाल त्यांना यंदा हवाय. भूगोल माझा विषय आणि गच्चीवरचं पर्जन्यमापक मीच सांभाळतो, म्हणून काम माझ्या गळ्यात.

प्राचार्य म्हणाले, "विजयकुमार सर, नीट मोजा. कमी दाखवू नका. आहे तसं येऊ द्या."

अकरा वर्षांत या कॉलेजात कुणी मला असं म्हटलेलं नाही. आजवरचे अहवाल आम्ही मागच्या वर्षीचे बघून लिहितो. खरं सांगायचं तर आनंद झाला. पीएच.डी. अर्धी सुटली ती सुटलीच, पण यातून एखादा पेपर नक्की होईल. अहवालात फक्त आकडे मावतात. बाकीचं इथे लिहीन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळ्या नऊ खोल्या फिरलो. दगडी इमारतीत सहा. जाड भिंती, उंच छत, दुपारी दोन वाजताही २८ अंश. सकाळी तिथे सायन्स-कॉमर्सचे वर्ग भरतात, दुपारी अकरावी-बारावी.

हायवेच्या बाजूला पत्र्याच्या तीन खोल्या आहेत. सात आणि आठमध्ये मोडकी बाकं. नऊमध्ये बी.ए. पहिलं वर्ष. एकतीस विद्यार्थी, त्यात चोवीस मुली. यांचे तास साडेअकरा ते साडेचार, म्हणजे नेमके उन्हाचे. कारण बस. आतल्या वाड्या-तांड्यांवरून येणारी एसटी अकरा वीसला कॉलेजसमोर थांबते आणि पाच वाजता त्यांना परत घेऊन जाते. दुसरी गाडी त्या रस्त्यावर नाही.

नऊ नंबरमध्ये आज ३५.२. बाहेर ३२ होतं. फेब्रुवारीत ही गत.

आमचा शिपाई भिवाजी मी यंत्र भिंतीला धरून उभा होतो ते बघत होता. म्हणाला, "सर, ते गरम हाये हे सांगायला मशीन कशाला आनली?" मी त्याला समजावलं की सांगणं वेगळं आणि मोजणं वेगळं. तो व्हय व्हय म्हणून पाण्याची बादली घेऊन गेला. दुपारी तो खिडक्यांना ओली पोती बांधतो. त्याने आर्द्रतेचा आकडा बिघडतो, पण बांधू नको म्हणवलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्नावली वाटली. नुसते आकडे पुरत नाहीत, बसणाऱ्याला कसं वाटतं तेही लागतं. सात चौकोन : अतिथंड, थंड, किंचित थंड, ठीक, किंचित गरम, गरम, अतिगरम. एकावर खूण करायची. खाली एकच प्रश्न : हा वर्ग बसण्यास योग्य आहे का?

दगडी इमारतीतल्या बारावीच्या पोरांनी २९ अंशांना "गरम" लिहिलं. एकाने खाली एसीची मागणी केली.

नऊ नंबरच्या एकतीसपैकी एकतीस जणांनी "ठीक" वर खूण केली. योग्य आहे का? हो. एकतीस वेळा हो.

प्रश्न कळला नसावा. पुढच्या वेळी फळ्यावर काढून समजावतो.

११ मार्च, मंगळवार

फळ्यावर थर्मामीटरचं चित्र काढून अर्धा तास समजावलं. नावं लिहू नका म्हटलं, तुमचं कुणी काही करणार नाही म्हटलं. खोलीत ३८.९. पुढच्या बाकावरची पुजा, मोहाच्या तांड्यावरची, ओढणीच्या टोकाने सारखी मान पुसत होती. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. नकाशा वाचन मी एकदा शिकवलं की ती बाकीच्यांना दोनदा शिकवते.

तिने हात वर केला. "सर, आकडा जास्त आला तर काय व्हतं?"

मी म्हणालो, सुधारणा होते. वर छत येतं, पंखे वाढतात, कदाचित नवीन खोली. कागदावर आल्याशिवाय वरच्यांना कळत नाही.

तिने मागे वळून मुलींकडे पाहिलं. मग सगळ्या कागदावर वाकल्या.

एकतीस "ठीक".

संध्याकाळी घरी बायकोला, साधनाला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, पोरींना विचारलं का, काहून असं लिहिता म्हणून? मी म्हणालो, विचारलं तर उत्तरावर परिणाम होतो, शास्त्रात ते चालत नाही. ती म्हणाली बरं. पेपरात यावर एक परिच्छेद करता येईल : ग्रामीण विद्यार्थिनींमध्ये अस्वस्थता व्यक्त करण्याबाबतचा संकोच.

२७ मार्च, गुरुवार

४१.३. पश्चिमेचं गरम वारं सुटलं की खिडक्या लावाव्या लागतात, आणि लावल्या की चौथ्या यंत्राचा आकडा २१०० वर जातो. हजाराच्या आत पाहिजे. उघडल्या तर हायवेवरच्या ट्रकांनी शिकवलेलं ऐकू येत नाही. दोन्हीपैकी एक निवडायचं.

एक चांगली गोष्ट. दोन माणसं मोजायची फीत घेऊन आली होती. नऊ नंबरच्या भिंतीपासून थेट रस्त्यापर्यंत मोजत होती, पत्र्यांचीही संख्या घेतली. बहुतेक छताच्या कामाचं. म्हणजे संस्थेने अहवालाची वाटही पाहिली नाही. मी त्यांना चहा पाजला आणि माझे आकडे दाखवले. त्यांनी मान डोलावली.

९ एप्रिल, बुधवार



दुपारी दोन चाळीस. खोलीत ४५.४. मी महाराष्ट्राच्या नद्या घेत होतो. कयाधू कुठून निघते असं विचारलं आणि पुजाच्या बाकावरची शिवकन्या उत्तर द्यायला उभी राहिली ती बाकावरून खालीच आली. कपाळ फरशीवर आपटलं. डोळे वर गेलेले. मी नाव घेऊन हाका मारत राहिलो. त्यापलीकडे काय करायचं ते मला सुचलं नाही. पुजानेच तिला कुशीवर वळवलं, दोघींनी पाय धरले आणि मुली तिला बाहेर लिंबाखाली घेऊन गेल्या. भिवाजीने बादलीच ओतली. मीठ-साखरेचं पाणी पाजल्यावर दहा मिनिटांनी ती बोलली. कपाळाला टेंगूळ आलंय.

आश्चर्य म्हणजे पुजा मला पुन्हा पुन्हा सांगत होती, "सर, गर्मीनं न्हाई झालं. ती सकाळपासून उपाशी हाये. उपवास हाये तिचा." शिवकन्यानेही मान हलवली.

भिवाजीने नंतर सांगितलं की सगळ्यांनी एक वाजता डबे खाल्ले होते, त्याने डोळ्यांनी पाहिलं.

मी आकडा लिहून ठेवला. वेळ, तापमान, घटना.

११ एप्रिल, शुक्रवार

तास संपल्यावर पुजा एकटीच थांबली. बसची वेळ होत आली होती तरी थांबली.

"सर, परवाचं लिहू नका."

कुठलं, म्हणालो.

"शिवकन्याचं. अन् पंचेचाळीसचं."

मला राग आला. मग वाटलं, लहान आहे, समजावून सांगावं. मी म्हणालो, ताप आलेला माणूस डॉक्टरपासून ताप लपवतो का?

तिने दाराबाहेर बसच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, ताप जास्त निघाला की नांदेडला मोठ्या दवाखान्यात पाठवतेत. तिथं समद्यायलाच जाता येत न्हाई."

बस आली आणि ती पळाली. मला तिचा मुद्दा कळला नाही. नांदेडचा इथे काय संबंध? पण एक ठरवलं : आकड्याशी मी खेळणार नाही. आयुष्यात एकदा खरा अहवाल लिहायची संधी आलीय.

२८ एप्रिल, सोमवार

अहवाल दिला. बेचाळीस पानं. शेवटचं वाक्य चार वेळा बदललं आणि असं ठेवलं : "खोली क्रमांक नऊ ही मार्च ते जून या काळात अध्यापनास पूर्णतः अयोग्य असून तेथे विद्यार्थ्यांना बसवणे त्यांच्या आरोग्यास धोकादायक आहे." शिफारशी वेगळ्या पानावर : छताखाली आवरण, दोन वाढीव पंखे, पत्र्याला पांढरा रंग, पश्चिमेला झाडं.

संस्थेचे अध्यक्ष तिथेच बसले होते. त्यांनी शेवटचं पान काढलं, वाचलं आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. "असं ठाम लिहिणारा माणूस पाहिजे होता," म्हणाले.

साधनाने शिरा केला.

१७ जून, मंगळवार

सुट्टीभर लिहिलं नाही. आज सूचना फलकावर लागली. जशीच्या तशी उतरवतो, कारण त्यात माझं नाव आहे.

"प्रा. विजयकुमार यांच्या शास्त्रीय अहवालाच्या आधारे, विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विचार करून, खोली क्रमांक सात, आठ व नऊ कायमस्वरूपी बंद करण्यात येत आहेत. बी.ए.चे सर्व वर्ग या सत्रापासून सकाळी ७.३० ते ११.३० या वेळेत मुख्य इमारतीत भरतील."

मी मागितलं होतं छत, मिळाली दगडी इमारत. मागण्यापेक्षा जास्तच मिळालं. कॉमन रूममध्ये दोघांनी अभिनंदन केलं. तीन महिन्यांच्या घामाचं चीज झालं.

१ जुलै, मंगळवार

पहिला तास, आता बी.ए. दुसरं वर्ष. खोली क्रमांक तीन. २६.८ अंश, उजेड उत्तम, ट्रकांचा आवाज नाही. खडूचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता.

नऊ जण आले. मोटारसायकलवर आलेले सात मुलगे, आणि कॉलेजच्या गावातल्याच, बाळापूरच्या, दोन मुली.

पेरणीचे दिवस आहेत. येतील.

५ जुलै, शनिवार

नऊच.

हजेरी घेताना पुजाचं नाव मी रोज दोनदा घेतो. भिवाजी दारात उभा होता. म्हणाला, "सर, त्यायची गाडी अकरा वीसला येते."

एवढंच म्हणाला आणि घंटा द्यायला गेला.

मला बसची वेळ माहीत होती. फेब्रुवारीत मीच ती या वहीत लिहिली. १७ जूनला सूचना वाचताना "सकाळी ७.३०" हे शब्दही मी वाचले होते, उतरवलेही होते. दोन्ही गोष्टी माझ्याच अक्षरात आहेत. त्या एकमेकींशेजारी ठेवून मी एकदाही पाहिल्या नाहीत.

साधनाला सांगितलं. तिने ही वही उघडून १४ फेब्रुवारीचं पान वाचलं आणि मिटून ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

९ जुलै, बुधवार

डेपोत गेलो. सकाळी साडेसहाला एक गाडी मोहाच्या तांड्यावरून सोडा असा अर्ज घेऊन. तिथले साहेब चांगले होते, खुर्ची दिली. गाड्या कमी, चालक कमी, नवीन फेरीचा प्रस्ताव विभागाकडे जाईल, सर्वेक्षण होईल, मग बघू. किती दिवस लागतील म्हटलं तर म्हणाले, "सर, सर्व्हे म्हणल्यावर टाइम लागतो. तुमी तर प्रोफेसर हाव, तुमाला ठाऊक."

फाट्यावर जीपवाल्यांनाही विचारलं. सकाळी नऊ वाजल्याशिवाय सीट भरत नाही, भरल्याशिवाय जीप हलत नाही.

१४ जुलै, सोमवार

प्राचार्यांना म्हणालो, अकरावी-बारावी सकाळी घ्या आणि बी.ए. दुपारी, दगडी इमारतीतच. त्यांनी शांतपणे ऐकलं. ज्युनिअरला चारशे विद्यार्थी, त्यांचे पालक येऊन बसतील. एकतीस जणांसाठी ते होणार नाही.

मग मी म्हणालो, निदान नऊ नंबर पुन्हा उघडा. आता उन्हाळा सरला. उघड्या खिडकीत तिशीच्या आसपास असतं.

 त्यांनी ड्रॉवरमधून माझाच अहवाल काढला, शेवटचं पान समोर ठेवलं. "पूर्णतः अयोग्य. धोकादायक. ही तुमची सही ना, सर? उद्या तिथे एखादी पोरगी पुन्हा पडली तर मी काय उत्तर देऊ?"

मी म्हणालो, मी मार्च ते जून लिहिलंय. ते म्हणाले, कोण वाचतं एवढं.

बाहेर आलो तर दिसलं, रविवारच्या सुट्टीत पत्रे उतरवून झाले होते. यंत्राने पायाचे खड्डे खणणं चालू होतं. नऊ नंबरच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत चुना टाकलाय. भिवाजी म्हणाला, दहा गाळे निघतेत, खाली दुकानं, वर लॉज. कधी ठरलं विचारलं. "दिवाळीलाच ठरलं व्हतं सर. आमाला वाटलं तुमाला ठाऊक आसन."

फीत घेऊन आलेल्या त्या दोन माणसांना मी चहा पाजला होता.

२० जुलै, रविवार

मोटारसायकलवर मोहाच्या तांड्यावर गेलो. हायवेपासून सात किलोमीटर आत, मधला ओढा पुलावरून वाहतो. शाळेपाशी विचारलं तर एका म्हाताऱ्याने पुजाचं घर दाखवलं. वर पत्रा, बाहेर कुडाचा आडोसा.

तिचे वडील हिरासिंग घरी होते. त्यांनी बाज टाकली, आई रूपाबाईंनी पाणी आणलं. पुजा खुरपायला गेली होती, एका पोराला धाडून तिला बोलावलं. हातापायाला चिखल लागलेली आली, मला बघून ओढणी सावरली आणि हसली. वर्गात हसायची तशीच.

मी एक योजना घेऊन गेलो होतो. मी रोज सहाला मोटारसायकलवर येईन, तिला घेऊन जाईन, पाचच्या बसने ती परत येईल. हिरासिंग खाली बघत विडी चोळत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमी चांगले मानूस हाव, म्हनून आलात. पोरीनं शिकावं असं मलाबी वाटतं. बसमंदी बारा पोरी संगं जायच्या, कोनी तोंड उघडलं न्हाई. आता एकलीला पहाटं मास्तरच्या गाडीवर बसवलं तर तांड्याचं तोंड कोन धरंन? अन् बाकीच्या अकरा जनीचं काय?"

मी गाडीची किल्ली खिशातून काढली आणि उठलो.

निघताना पुजा ओढ्यापर्यंत आली, आई मागे थोड्या अंतरावर. मी तिला विचारलं, त्या कागदावर दर वेळी "ठीक" का लिहायचात? मार्चमध्ये विचारायला हवं होतं ते जुलैत विचारलं.

"आमी ठरवलं व्हतं सर. पहिल्याच दिवशी. पत्र्याच्या खोल्या मोडनार असं बसमंदी सगळेच बोलायचे. गरम लिवलं तर खोली जाईल, खोली गेली तर दुपार जाईल." मग थांबून म्हणाली, "अन् खोटं बी न्हवतं. घरी बी पत्राच हाये. वर्गात डोक्यावर पंखा तरी व्हता."

शिवकन्या कशी आहे विचारलं. तिला मावशीकडे परभणीला धाडलंय, म्हणाली. घरकामाला.

मी म्हणालो, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "तुमी न्हाई लिवलं तरी त्यायनी दुसऱ्याकडून लिवून घेतलं असतं." माझं समाधान करत होती. एकोणीस वर्षांची मुलगी, चिखलाचे हात, माझं समाधान करत होती.

मग तिने विचारलं, "सर, वर्गात न्हाई आलं अन् घरी अभ्यास केला, तर परीक्षेला बसू देतेत का? आमी चौघी-पाच जनी करू. मी शिकवते त्यायला."

मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हणालो. तिने हिरासिंगचा नंबर माझ्या वहीत लिहून दिला.

६ ऑगस्ट, बुधवार

समिती येऊन गेली. वातावरणाच्या कलमात कॉलेजला पैकीच्या पैकी गुण. खोली तीनमध्ये नऊ मुलं बघून एक सदस्य म्हणाले, प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष देता येत असेल. मला पुढे बोलावून शाल दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले. तोंड उघडून सांगावं असं वाटलं होतं. शाल खांद्यावर होती तेवढा वेळ वाटलं. मग प्राचार्यांनी जेवायला चला म्हटलं आणि मी गेलो.

पेपरही स्वीकारल्याचं कळवलंय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

परीक्षा विभागात विचारलं. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, नाहीतर अर्जच पुढे जात नाही. सवलत फक्त आजारपणासाठी, तीही डॉक्टरच्या दाखल्यावर. बाहेरून परीक्षा द्यायची तर इथलं नाव आधी काढावं लागतं आणि त्याची मुदत ३१ जुलैला संपली. पुढच्या वर्षी बघा म्हणाले.

३१ जुलै. मी २० जुलैला तांड्यावर गेलो होतो. मधले दिवस मी पेपराच्या दुरुस्त्या करत होतो.

हे उत्तर तीन वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन घेतलं. तिन्हीकडे तेच.

११ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी फोन वाजला. हिरासिंगचा नंबर. मी घेतला. पुजाच होती. मागे शेळ्यांचा आवाज येत होता. म्हणाली, नकाशाचं पुस्तक शिवकन्याच्या घरून आणलं, पाच जणी रोज दुपारी शाळेच्या ओट्यावर बसतात, दोन धडे झाले.

"अन् सर, ते परीक्षेचं विचारलं का?"

साधना समोर उभी होती.

मी म्हणालो, साहेब रजेवर आहेत. आले की विचारतो.

"बरं सर," ती म्हणाली. "तवर आमी तिसरा धडा घेतो."